खोली बांधू नका, वार लावून घ्या

पत्र : भिवापूर तालुक्यातल्या एका आशाताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. त्या लिहितात : माझ्या भागात सध्या चार घरांत माणसं अंथरुणाला खिळली आहेत. एक आजी अर्धांगवायूच्या, एक रुग्ण किडनीचा. आणि एका काकांना तोंडाचा कॅन्सर आहे. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, सवय जुनी. नागपूरला ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) दिले, तरी गाठ परत आली. आता डॉक्टरांनी ‘घरी न्या, सेवा करा’ म्हणून सांगितलं. गालाला जखम आहे, वास येतो, रात्रभर कण्हतात. मुलं म्हणतात, बाबांना काही सांगायचं नाही. आणि मी गेले की काका हात धरून विचारतात, ‘ताई, तुमी तरी खरं सांगा, मले काय झालं?’ मी विषय बदलते. काकू म्हणतात, निदान सलाईन तरी लावून दे. माझ्या पिशवीत पॅरासिटामॉल आणि ओआरएस, त्यापुढे काही नाही. गावातले काही जण म्हणतात, वर्गणी काढू आणि अशा रुग्णांसाठी समाजमंदिराजवळ एक खोली बांधू. नवरा म्हणतो, हे तुझ्या ड्युटीत नाही, याचे पैसे कोणी देत नाही, कशाला जीव काढतेस? मला रात्री झोप लागत नाही. रिकाम्या हातानं त्या घरात जाऊ की नको?

ताई, जात राहा. पण ‘रिकाम्या हातानं’ असं जे लिहिलंत ना, तिथे मला जरा थांबायचं आहे. तुमचे बाकीचे प्रश्न मला त्या एका समजुतीतून निघालेले दिसतात.

मी नागपुरात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स म्हणून पुष्कळ वर्षं काम केलं. ‘घरी न्या, सेवा करा’ हे वाक्य मी किती नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं, त्याला गणती नाही. त्या वाक्यात एवढंच ठरलेलं असतं की आता गाठ बरी होणार नाही. दुखणं थांबणार नाही, वास कमी होणार नाही, झोप लागणार नाही, असं कुणी ठरवलेलं नसतं. पण घरचे लोक ते तसंच ऐकतात, आणि मग औषधांची पिशवी कोनाड्यात जाते. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, कोणती गोळी किती वाजता द्यायची, रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला लावायचा, हे त्या वाक्यात राहूनच गेलं. ते पुरं करून घेणं हे तुमचं पहिलं काम, आणि त्यासाठी पिशवीत इंजेक्शन लागत नाही.

सुरुवात दुखण्यापासून करा. माणूस रात्रभर कण्हत असेल तर त्याच्याशी देवाचं, मुलांचं, मनाचं कसलंच बोलणं होत नाही. कॅन्सरच्या दुखण्यावर पायरीपायरीने औषध द्यायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्येच मांडली : आधी पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, मग ट्रामाडॉलसारखी, आणि त्यानेही भागलं नाही तर मॉर्फीन. शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळ लावून. या घड्याळाकडेच आपल्याकडे लक्ष दिलं जात नाही. ‘दुखलं तर द्या’ म्हटलं की घरचे शेवटपर्यंत ताणतात, दुखणं डोक्यावर चढतं आणि मग तीच गोळी कमी पडते. काकांना गिळता येत नसेल आणि नाकातून नळी असेल, तर कोणती गोळी कुटून पाण्यातून देता येते हेही विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

मॉर्फीनचं नाव काढलं की घरात दोन भीती उभ्या राहतात. सवय लागेल ही एक, आणि ‘ते दिलं म्हणजे शेवटच आला’ ही दुसरी. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फीनने व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो. ते मरणाचं औषध नाही. त्यावर माणसं महिनोन् महिने जगतात, जेवतात, अंगणात बसतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होऊ शकते, ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला हवं. ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. मात्रा घरच्यांनी आपल्या मनाने वाढवायची नाही आणि औषध एकदम बंदही करायचं नाही. गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि मोजून द्यायच्या.

मॉर्फीन तुमच्या भिवापूरच्या मेडिकल स्टोअरमध्ये बहुतेक मिळणार नाही. अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यामुळे रुग्णालयांना ते ठेवण्यासाठी कितीतरी परवाने काढावे लागत आणि पुष्कळांनी तो नाद सोडून दिला. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध प्रशासनाची एक मान्यता घेतली की रुग्णालय मॉर्फीन ठेवू शकतं. त्यामुळे नागपूरला जाणं आहेच, पण रुग्णाला घेऊन भरउन्हात गाडीत आदळत जाणं दरवेळी गरजेचं नाही. काकांवर जिथे उपचार झाले तिथे मुलाला सगळ्या कागदांसह आधी पाठवा. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असो, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असो की मिहानमधलं एम्स, खिडकीवर ‘पेन आणि पॅलिएटिव्हचे डॉक्टर कधी बसतात’ असंच विचारायला सांगा. पॅलिएटिव्ह म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार. नुसतं ‘कॅन्सरचे डॉक्टर’ म्हटलं की माणूस पुन्हा त्याच जुन्या रांगेत जातो. सोबत काकांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि दुखण्याची वही द्या. रुग्णाला न बघता नवीन मॉर्फीन सहसा लिहून देत नाहीत, तेव्हा एक खेप काकांना करावी लागेल. पण मुलाने आधीच वार आणि खिडकी शोधून ठेवली असेल तर ती एकच पुरते. घरी सांभाळणं कुटुंबाला झेपेनासं झालं, तर कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी नागपुरात स्नेहांचल आहे, तिथेही चौकशी करून ठेवा.

दुखण्याची वही अशी. एक ते दहा आकडे विचारले की आपली जुनी माणसं गोंधळतात. त्यांना आण्यात विचारा : सोळा आण्यांपैकी आत्ता किती आणे दुखते? ते लगेच सांगतात, ‘बारा आणे हाय’. सकाळ, दुपार, रात्र आणि मध्यरात्र, गोळी किती वाजता दिली आणि नंतर किती आणे उरलं, एवढं नातवाने लिहिलं तरी डॉक्टरला त्यातून मात्रा ठरवता येते. तपासण्यांच्या जाड फायलीतून ते कळत नाही.

आता जखमेकडे वळते. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण त्या घराची निम्मी दैना तिथेच असणार. उमरेडकडच्या एका घरी मी अशाच जखमेसाठी जात असे. बाबा पडवीत, त्यांची खाट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. सून नाकाला पदर लावून ताट ठेवायची आणि आत जायची. नात तर उंबऱ्यापर्यंतही येत नव्हती. आम्ही अर्धा लिटर पाणी उकळून, त्यात चहाचा एक चमचा मीठ घालून, ते गार करून जखम धुतली. चिकटलेली पट्टी ओढली नाही, भिजवून सुटू दिली. मग डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर भुरभुरली आणि वर स्वच्छ धुतलेल्या सुती लुगड्याच्या घड्या ठेवल्या. ही गोळी स्वस्त असते, जुलाबावर देतात तीच. रोज असं करता करता वास उतरला. एक दिवस गेले तर खाट वळवलेली होती, तोंड अंगणाकडे, आणि नात पायथ्याशी बसून पाढे म्हणत होती. बाबांचा आजार होता तिथेच होता.

हे सुनेला तुम्ही शिकवू शकता. मात्र तीन गोष्टींसाठी थांबायचं नाही. जखमेतून भळाभळा रक्त आलं, तर गडद रंगाच्या टॉवेलने दाबून धरा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. गडद टॉवेल अशासाठी की पांढऱ्यावर रक्त पाहून घरचे आणि स्वतः रुग्णही घाबरून जातो. जखमेत अळ्या दिसल्या तर रॉकेल, फिनाईल काही ओतू नका, त्या नर्सला काढू द्या. हे घाणेरडेपणामुळे झालं असं घरच्यांना वाटू देऊ नका. माशी एकदा बसली तरी पुरते, म्हणून खाटेला मच्छरदाणी दिवसाही हवी. आणि श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ती वेळही वाट पाहायची नाही.

काकूंच्या सलाईनबद्दल तुम्ही त्यांच्यावर चिडला नाहीत, हे मला पत्रात दिसलं. त्यांना काहीतरी करायचं आहे, आणि आपल्या गावात काहीतरी करणं म्हणजे सलाईन. पण शरीर मिटत चाललेलं असताना बाटलीतलं पाणी अंगात मुरत नाही. हातापायाला सूज येते, छातीत घरघर वाढते. शेवटच्या दिवसांत भूक जाते ती आजारामुळे, आणि जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. हे काकूंना एकदाच सांगून चालणार नाही, दोन-तीनदा सांगावं लागेल. नुसतं ‘नको’ म्हणू नका, त्यांच्या हाती काम द्या : स्वच्छ ओल्या कापडाने दर तासाला ओठ आणि जीभ ओली करणं, ओठांना खोबरेल तेल, मागितलं आणि गिळता आलं तर चमचाभर ताक किंवा आंबील. नळी असेल तर पातळ पेज, वरणाचं पाणी आणि दूध देताना उशाला उंच करून बसवायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, आणि नळीतून थोडं पाणी सोडून ती धुवायची. काकांची तब्येत त्या टप्प्यावर आलेली नसेल, नुसते जुलाब-उलट्या होऊन पाणी कमी पडलं असेल, तर सलाईनचा उपयोग होतो. तो फरक वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवायचा.

काकांच्या प्रश्नाला तुम्ही विषय बदलता. मुलांना वाटतं, कळलं तर बाबा खचतील. मला विचाराल तर काकांना कळलेलं आहे. ज्याच्या गालातली गाठ कापून पुन्हा आली, ज्याला शेक देऊन घरी पाठवलं, तो माणूस अडाणी असेल, अजाण नाही. ‘तुमी तरी’ म्हणताना ते तुम्हाला सांगताहेत की बाकीचे टाळतात. आजाराचं नाव आणि मुदत सांगणं हे डॉक्टरांचं काम, ते तुम्ही अंगावर घेऊ नका. पण खोटंही बोलू नका. पुढच्या वेळी त्यांनाच विचारा, ‘काका, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?’ आणि गप्प राहा. ती शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, तरी मध्ये बोलू नका. ते जेवढं विचारतील तेवढंच उत्तर द्या. ‘गाठ जाणारी नाही, पण दुखणं कमी करायला आम्ही सोडणार नाही’ इतकं तुम्ही खात्रीने म्हणू शकता.

त्याआधी मुलांशी बोला, काकांच्या पाठीमागे पण त्यांच्या विरोधात नव्हे. त्यांना विचारा, बाबांना सातबाऱ्याचं, सोसायटीच्या कर्जाचं, लेकीचं काही बोलायचं राहिलं असेल तर ते कधी बोलणार? मुलांचं प्रेम खोटं नाही, फक्त त्या प्रेमापायी बाप घरातच एकटा पडला आहे. आणि काका म्हणाले, ‘मले काही ऐकायचं नाई’, तर तोही त्यांचा हक्क. मग कुणीच काही लादू नये.

मनाचं आणि देवाधर्माचं दुखणं गोळीने जात नाही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी हे फार आधी ओळखलं होतं : शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं. तुमच्या गावात त्यासाठी बाहेरून कुणी आणायला नको. गुरुदेव सेवा मंडळाची मंडळी असतील, भजनी मंडळ असेल, बौद्ध घरात वंदना घेणारे उपासक असतील. त्यांना या घरी बोलवा, पण रुग्णाला हवं असेल तरच, आणि थोडाच वेळ. ‘हे मागल्या जन्माचं पाप’ किंवा ‘खर्रा खाल्ला म्हणून भोग’ असं बोलणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. खर्रा सोडा हे सांगण्याची जागा शाळेत आहे, मरणाऱ्या माणसाच्या उशाशी नाही.

आता खोली. गावाने वर्गणी काढायची तयारी दाखवली, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. तरी खोली बांधू नका. खोलीत रात्री कोण थांबणार? औषध कोण देणार? मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत, लाइट गेल्यावर, टिनाखाली रुग्णाला कोण ठेवणार? काही महिन्यांत तिथे खताची पोती दिसतील, आणि गाव म्हणेल की करून पाहिलं, चाललं नाही. केरळात कोझिकोडला 1993 मध्ये अशा रुग्णांच्या सेवेचं काम सुरू झालं. पुढे ते गावोगाव पसरलं ते शिकवलेल्या शेजाऱ्यांमुळे, घरी जाणाऱ्या नर्समुळे आणि लोकांच्या छोट्या छोट्या वर्गणीमुळे. 2008 मध्ये तिथल्या सरकारने त्याचं धोरण केलं आणि पंचायती त्यात उतरल्या. विदर्भ केरळ नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे एका वस्तीला लागून दुसरी वस्ती, दवाखाना हाकेच्या अंतरावर. इथे दोन गावांमध्ये नुसती शेतं आणि संध्याकाळी एसटी बंद. म्हणून आपल्याला नर्सपेक्षा शेजाऱ्यांवर जास्त भिस्त ठेवावी लागेल.

तर खोलीऐवजी वार लावून घ्या. बचत गटातल्या, भजनी मंडळातल्या, कॉलेजात जाणाऱ्या पोरांतल्या आठ-दहा जणांना गोळा करा. सोमवारी कुणी दोन तास काकांजवळ बसायचं म्हणजे काकू आंघोळ करून झोपतील. बुधवारी कुणी नागपूरहून औषध आणायचं. शुक्रवारी कुणी अर्धांगवायूच्या आजींना कूस बदलायला मदत करायची. वर्गणीतून एअर बेड, बेडपॅन, चाकाची खुर्ची, मच्छरदाण्या घ्या आणि वापर झाला की धुऊन पुढच्या घरी द्या. ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायच्या पैशातून) यातलं काही बसतं का, ते बैठकीत विचारा. एक नियम पहिल्या दिवशीच घाला : रुग्णाच्या घरात पाहिलेलं चावडीवर बोलायचं नाही.

बाकी तीन रुग्णांचं तुम्ही फार लिहिलं नाही. आजी अंथरुणात असतील तर दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीला सुरकुती नसणं आणि माकडहाड, टाचा रोज पाहणं, एवढ्यावर निम्मं काम होतं. किडनीच्या रुग्णाला दुखतं म्हणून गावातल्या कुणाकडून डायक्लोफिनॅकची सुई देऊ देऊ नका, किडनी आणखी बिघडते. मॉर्फीनसुद्धा त्यांना फार जपून देतात. चौथ्या घराबद्दल सविस्तर लिहा, मग बोलू.

पैशाचं. काका पासष्टच्या आतले असतील आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा रुग्ण येतो, महिन्याला 1,500 रुपये. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून तहसीलला अर्ज याच आठवड्यात जाऊ द्या. घराने आता आणखी एका ‘खात्रीच्या’ औषधासाठी सावकाराकडून पैसे काढले नाहीत, तर तीही मोठी मदत आहे. हे मुलांशी स्पष्ट बोला. घरी मृत्यू झाला तर पोलीस, पोस्टमॉर्टेम यांची भीती लोकांना असते. माहीत असलेल्या आजाराने आलेल्या नैसर्गिक मरणाला त्याची गरज नाही. उपचाराचे कागद जपून ठेवायचे आणि ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत नोंद करायची.

राहिला तुमच्या नवऱ्याचा मुद्दा. ते अर्धे बरोबर आहेत. ड्युटीत नाही हे खरं नाही : पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून आहे, आणि उपकेंद्राचं जे आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, त्याच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि अशा रुग्णांची सेवा लिहिलेली आहे. म्हणजे हे काम एकट्या तुमचं नाही, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचंही आहे. त्यांना काकांच्या घरी सोबत घेऊन जा, आणि त्यांच्या केंद्रातून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांशी बोलणं होतं का पाहा. पण मोबदल्याचं नवऱ्याचं म्हणणं रास्त आहे. बाई मायेने करते म्हणून फुकट करवून घ्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि मला ती मान्य नाही. घरभेटींची तारीखवार नोंद ठेवा. महिन्याच्या बैठकीत गटप्रवर्तकांपुढे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंपुढे, ती वही ठेवा आणि दोन गोष्टी लेखी मागा : या कामाचं प्रशिक्षण आणि या भेटींचा मोबदला. शेजारच्या गावांतल्या आशाताईंच्या सह्या घेतल्यात तर बरं, अशी घरं त्यांच्याकडेही असतीलच. गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या हे सगळं सांभाळून काकांकडे तुम्हाला आठवड्यातून किती वेळा जाणं जमेल, ते तुम्ही आणि नवऱ्याने बसून ठरवा आणि तेवढंच जा. उरलेले वार शेजाऱ्यांचे. झोप लागतच नसेल, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. तो रुग्णांच्या घरच्यांसाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे.